यांचा कान आणि हिरवी गाडी

५ ऑक्टोबर, रविवार

अडखळली. नेमकी आजच अडखळली.

नोएडाचे ते गृहस्थ गाडी बघायला आले होते. परीक्षितच घेऊन आला. त्यांनी आतले पडदे सरकवून बघितले, घडीचा पलंग उघडून बघितला, छोटं सिंक बघून "वाह, क्या बात है" झालं. मग परीक्षितने किल्ली फिरवली आणि मागून इंजिन फट्... फट्... करायला लागलं. चार पावलं चालून एकदा लंगडावं तसं. गृहस्थांचा चेहरा उतरला. म्हणाले, पुढच्या रविवारी येतो, तोवर ठीक करवा लीजिए. पहाड़ में ले जाना है, शोपीस नहीं चाहिए.

माणूस बरा वाटला. त्याचाच जास्त राग आला.

आपल्या लेकाचं तरी काय चुकतंय? दिवाळीनंतर आम्ही दोघांनी त्याच्याकडे राहायला जायचंय, तिथे पार्किंगची जागा एकच. आणि पावसाळ्यात यांना झटका आल्यापासून गाडी हलली तरी कुठे? यांचा उजवा हात गेला, बोलणं गेलं. एकच शब्द उरलाय — अच्छा. चहा हवा तरी अच्छा, चहा नको तरी अच्छा. गणपतीत परीक्षितने विचारलं, "बाबा, गाडी विकू या ना?" हे म्हणाले, "अच्छा."

झालं. ठरलं.

६ ऑक्टोबर

दुपारी हे झोपल्यावर खाली जाऊन गाडीत आडवी झाले. आरशाला झेंडूचा हार अजून तसाच. दसऱ्याला चालू केली तेव्हा तर गाडी छान गुरगुरत होती. मग बंद करून, मागचं झाकण उघडून इंजिनालाही हळदकुंकू लावलं. दिल्लीतल्या या द्वारकेत आपटा कुठला मिळायला! सोसायटीतल्या कचनारची, आपट्यासारखीच दिसणारी पानं तोडून तेच सोनं म्हणून ताटात ठेवलं. नारळ घरीच विसरला म्हणून यांना खुर्चीत तिथेच बसवून मी वर पळाले, आले, फोडला. एवढं साग्रसंगीत करूनसुद्धा कुणाची दृष्ट लागली कोण जाणे.

पडदे मीच शिवलेले, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये असताना. एक दिवस हे ऑफिसातून आले ते ही गाडीच घेऊन! कुणी परदेशी जोडपं थेट जर्मनीहून चालवत आलं होतं म्हणे, आणि इथे सोडून विमानाने परत गेलं. तेव्हापासून आम्हाला गुहागरला जायचंय. समुद्राकडे तोंड करून दार उघडायचं, स्टोव्हवर चहा ठेवायचा, आणि कुणाशी काही बोलायचं नाही. प्रत्यक्षात आमची धाव मुरथळपर्यंत. पराठे खाऊन परत.

वरून विमानं जातात तेव्हा काचा थरथरतात. डोळे मिटले की तो आवाज लांबून येतो, फुगतो, ओसरतो. लाटच. मी त्या लाटेवर किती वेळ होते माहीत नाही. खिडकीतून सुरूची झाडं दिसत होती. हे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून काहीतरी सांगत होते, लांबलचक, आणि मी नुसतं हं हं करत होते. जाग आली तेव्हा ऊन पडद्यावरून खाली उतरलं होतं. कुकर लावायचा राहिला होता.

७ ऑक्टोबर

ठरवलं. मीच दुरुस्त करणार.

जायचीच असेल तर धडधाकट जाऊ दे. आणि जाण्याआधी चारही सिलिंडर एका सुरात चाललेले यांना एकदा ऐकू देत, बस. संसारभर यांच्यामागे टॉर्च धरून उभी राहिले, काहीतरी डोक्यात शिरलंच असेल की.

यांना गाडीमागे खुर्चीत बसवलं. इंजिन चालू केलं. "अहो, कितवा सिलिंडर बिघडलाय?" हे डोळे मिटून ऐकत राहिले. मग डाव्या हाताची दोन बोटं वर केली.

यांचा कान! कोपऱ्यावरून जाणाऱ्या स्कूटरचा आवाज ऐकून तिचं दुखणं सांगायचे. झटक्याने सगळं नेलं, कान तेवढा ठेवला. मला इतकं बरं वाटलं की जेवताना मी चक्क गुणगुणत होते.

८ ऑक्टोबर

दुसऱ्याचा प्लग काढला. टोकाला बिस्किटाचा रंग. हेच सांगायचे, बिस्किटाचा रंग म्हणजे तब्येत उत्तम, काळा झाला तर चिंता. तरी यांचा शब्द म्हणून नवा घातला.

फट्... फट्.

पुन्हा विचारलं. पुन्हा दोन बोटं. "अच्छा."

९ ऑक्टोबर

दोनच बोटं. मी चिडले, पाना आपटला. मग चहा केला.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज यांना न विचारता केलं. हे बाल्कनीत होते.

यांचीच जुनी रीत. इंजिन चालू ठेवायचं आणि प्लगवरची रबरी टोपी एकेक करून काढून बघायची. चालत्या सिलिंडरची काढली तर इंजिन कासावीस होतं. मेलेल्याची काढली तर त्याला पत्ताच नसतो. भांडी घासायचे हातमोजे चढवले. नंबर यांनी पांढऱ्या रंगाने घातलेलेच आहेत. पहिला — इंजिन गचकलं. दुसरा — गचकलं, अगदी बंद पडता पडता वाचलं. चौथा — तेच. तिसरा आत आहे, डाव्या अंगाला, वाकल्याशिवाय हात पोचत नाही. टोपी ओढली. काहीच नाही. फट् फट् तसंच चालू.

तिसरा. दुसरा नव्हेच.

म्हणजे कानही गेला. मी तिथेच मागच्या बंपरवर बसून रडले. हात गेला तेव्हा रडले नव्हते, बोलणं गेलं तेव्हाही नाही, फिजिओथेरपीच्या वेळा बघत होते. पण कान म्हणजे हे स्वतः. आता घरात कोण उरलंय, असं वाटलं. असं लिहू नये. पण वाटलं.

यांना काही सांगितलं नाही. उद्या ते गृहस्थ येणार.

१२ ऑक्टोबर, रविवार

उजाडताच खाली गेले. तिसऱ्याची टोपी उपटून तिच्या आत टॉर्च मारला. आत पान. कचनारचं. नीट घडी करून खोल ठासलेलं, कडा करपलेल्या. दसऱ्याचं सोनं.

डावं अंग. यांचा डावा हात तेवढा बरोबर पोचतो.

पान घेऊन वर आले, यांच्यासमोर धरलं. हे माझ्याकडे बघत राहिले. अच्छा म्हणाले नाहीत.

परीक्षितला फोन केला. म्हटलं, त्या गृहस्थांना आणू नकोस, बाबा नाही म्हणतायत.

"आई, बाबा बोलले?"

हो म्हटलं. दसऱ्यापासून बोलतायत.