प्रशीलच्या पेटीतलं पाणी

शिल्पा,

मी सावद्याला बहिणीकडे जातेय, संध्याकाळपर्यंत येईन. वरण कुकरमध्ये आहे, भाकरी तेवढी टाकून घे.

आज प्रशीलच्या सिगारच्या पेटीत पाणी घालू नकोस. बाहेर पंचेचाळीस डिग्रीचं कोरडं ऊन, आणि आतला ओलाव्याचा काटा ऐंशीवर! प्रशील तो सत्तरपुढे कधी जाऊ देत नसे. तीन सिगारींना बुरशी आली, त्या काढून टाकल्या. काटाच बिघडला म्हणावं, तर कपाटामागे तुझी डिस्टिल्ड पाण्याची बाटली सापडली. माझी पिठाच्या डब्यामागे असते.

तो गेल्यापासून दर सोमवारी, तू ऑफिसला गेलीस की सिगारी वाळू नयेत म्हणून मी पेटीतला स्पंज भिजवते. त्यानंच शिकवलं होतं, "आई, नळाचं नको हं, क्षार बसतात." यंदा उन्हाळा कडक म्हणून रोज घालायला लागले. तूही तेच केलंस. तुला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही, आणि तू तरी कुठे बोललीस?

संध्याकाळी पेटी दोघी सासूसुना मिळून उघडू. आणि हे बघ, न्हाणीत नळ सोडून रडत जाऊ नकोस. मला ऐकू येतं.

आई