घड्याळ गोल दिसेपर्यंत

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

बाबा शिडीवरून पडल्यापासून तुझ्या डोळ्याला डोळा लागत नाही, हे वाचून वाईट वाटलं. फोनवर आम्ही सगळे ‘छान आहे’ एवढंच म्हणतो, तेव्हा बाबा चालताना दिसलेच पाहिजेत हा तुझा हट्टही रास्त आहे.

म्हणून रविवारी चष्म्याच्या दुकानातून मालकांचा कॅमेरा घरी आणला. बाबा काठी टेकत खिडकीपासून घड्याळाच्या भिंतीपर्यंत चालले. मागे आई होती, पडलेच तर धरायला. घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओची कापाकापीही झाली, पण वेबसाठी फाइल बाहेर काढताना घोडं पेंड खाऊ लागलं. चौकट कोणती, आकार केवढा, दर्जा कसला, सॉफ्टवेअरचे प्रश्न संपेनात. पहिली फाइल इतकी अवाढव्य झाली की तुझ्यापर्यंत पोचेतो बाबा पळायला लागले असते. शेवटी वेबसाठी म्हणून लिहिलेला यादीतला सगळ्यात लहान पर्याय निवडला. तीन मिनिटांच्या व्हिडिओला यंत्राने अख्खी दुपार खाल्ली.

वेबवरचा पत्ता मागे लिहिलाय. कारखान्याच्या ऑफिसात बघ. उत्तर दुकानावर धाड, घरी आलेलं पत्र आई आधी फोडते. आहे तो लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
ठोंब्या


११ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

व्हिडिओ पाहिला. आधी वाटलं, हा कोणी दुसराच म्हातारा आहे. गालफडं बसलेली, मान काडीसारखी, बोटं लांबच लांब. मग काठी ओळखीची दिसली आणि मी ‘बाबा’ म्हणून ओरडलेच. ऑफिसातल्या बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

बाबांना काय झालंय? नुसता पाय मोडला म्हणून माणूस असा होत नाही. मी फार घाबरले आहे. आजोबा गेले तेव्हा माझी परीक्षा संपेपर्यंत तीन आठवडे तुम्ही मला पत्ता लागू दिला नव्हता. आई रोज फोनवर सांगायची, आजोबा झोपलेत. तेव्हापासून तुमच्या छानवर माझा काडीचा विश्वास नाही. इथे दिवसभर कापड कापते, पण लक्ष तिकडेच. काल पंचवीस थरांचा गठ्ठा वाकडा कापला.

फोन करत नाही, कारण तो आईच उचलणार, आणि तिच्यासमोर तुमच्या तोंडून खरं निघत नाही. तुला आईची शपथ आहे, जे असेल ते लिही. या वेळी लपवलंत तर मात्र माझी माया विसरा.

तुझी धास्तावलेली,
ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

आधी पाणी पी. बाबा ठणठणीत आहेत, उलट बसून बसून पोट सुटलंय. गाढवपणा माझा आहे.

झालं असं, की हा कॅमेरा रुंद चित्र दाबून साठवतो. बाहेर काढताना चौकट रुंद आहे हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. मी निवडलेला पर्याय जुन्या टीव्हीच्या चौकटीचा होता. त्यामुळे उंची तेवढीच राहिली आणि चार बोटांचा माणूस तीन बोटांत कोंबला गेला. मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघ, अंड्यासारखं दिसतंय. दिवसभर लोकांची नजर तपासतो आणि मला एवढं दिसलं नाही. आता घड्याळ गोल दिसेपर्यंत आकडे बदलले आणि व्हिडिओ पुन्हा चढवला. पत्ता तोच.

पहिला व्हिडिओ पाहून बाबा खूश झाले, लग्नात आपण असेच दिसत होतो म्हणाले. आई मात्र उगाच चिडली. एकदा पाठवलास ना, आता पत्रातून समजाव, पुन्हा कशाला पाठवतोस म्हणाली. मग म्हणे, पाठवायचाच तर मी मागे दिसते तेवढी कडा कापून टाक. कडा कापली असती तर पुन्हा चौकटीचा घोळ झाला असता, म्हणून मी ऐकलं नाही. राग गिळ आणि माया राहू दे.

तुझा ओशाळलेला,
ठोंब्या


२२ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

बाबा पाहिले, पोटासकट. ऑफिसातच रडले आणि हसलेही. मग व्हिडिओ पुन्हा पाहिला, आणि पुन्हा.

आता नीट वाच. घड्याळ गोल आहे. मी पडद्याला टेप लावून मोजलं, आडवं उभं सारखं भरलं. आता आईकडे बघ. तो निळा गाऊन मी गेल्या वर्षी तिच्या अंगावर माप घेऊन शिवलाय, माप वहीत आहे. खांद्याची शिवण हाडावर बसवली होती, ती दंडावर उतरलीय. काखेत कापड लोंबतंय. असा गाऊन सैल होत नसतो रे, आतलं माणूस कमी होतं. पहिल्या व्हिडिओत सगळेच बारीक होते, म्हणून ती त्यात लपून गेली. कडा का कापायला सांगत होती, तेही आता कळलं.

इतकी भीती मला कधी वाटली नाही. बाबांच्या वेळी निदान तुझ्यावर ओरडता आलं. तिला काही विचारू नकोस, ती छान म्हणेल. बाबांचा पाय दाखवायच्या निमित्ताने डॉक्टरांकडे ने आणि तिथे तिलाच पुढे बसव. तुला दोष देत नाही. रोज समोर जेवणाऱ्याला हे दिसत नाही. उशीर तेवढा करू नकोस.

तुझीच,
ताई


२ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं माप खरं निघालं. आईचं वजन अकरा किलो घटलंय. पोटात गाठ आहे. काहीतरी बिनसलंय हे तिला चार महिने ठाऊक होतं. मग बाबा पडले, आणि घरात एका वेळी एकच आजारी पुरे असं तिने आपलं ठरवून टाकलं. गाठ काढता येईल, पण आणखी महिना गेला असता तर तेही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. पुढचं काय ते गाठ काढल्यावरच कळेल. चौदा तारखेला ऑपरेशन आहे. दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावतो आणि माझेच डोळे भरतात. ताई, मला फार भीती वाटते.

तुला बघावंसं वाटेल म्हणून काल ती आपणहून कॅमेऱ्यासमोर खिडकीशी उभी राहिली, त्याच निळ्या गाऊनमध्ये. तो तू आवळून द्यावास, पण जास्तीचं कापड कापू नयेस, आत दुमडून ठेवावंस, असा निरोप आहे. पुन्हा लागेल म्हणते.

मग मी फाइल बाहेर काढत होतो, तेव्हा शेजारी खुर्ची ओढून बसली. त्या आकड्यांनी बाबा बारीक झाले होते, तर उलटे आकडे घालून मला जराशी रुंद करता येईल का, असं तिने हळूच विचारलं. पोर घाबरेल म्हणाली. मी सांगितलं, तशी सोय नसते.

सोय असते, ताई. पण घड्याळ गोल ठेवूनच व्हिडिओ पाठवलाय. बघ, आणि लगेच निघ.

वाट पाहणारा,
ठोंब्या