तेल बघितल्याशिवाय चावी नाही

प्रिय ताई,

हे पत्र भाऊजी तुला वाचून दाखवणार, म्हणून पहिला नमस्कार त्यांनाच. भाऊजी, मागच्या पत्रातलं अर्धंअधिक तुम्ही गाळलंत आणि ताईला "सगळे मजेत आहेत" एवढंच सांगून मोकळे झालात, हे मला कळलंय. या वेळी कृपा करून काही गाळू नका. आणि ताई, तू हातातलं काम बाजूला ठेव आणि समोर बसून ऐक. चुलीकडे एक डोळा ठेवून ऐकण्यासारखं हे नाही.

फोन का केला नाही, असं म्हणशील. आपलं घर दोन खोल्यांचं, आणि बाबांचे कान हल्ली असे तिखट झालेत की शेजारणीने डबा उघडला तर तो साखरेचा की पिठाचा, तेही सांगतात. बाहेर जाऊन बोलावं तर गल्लीतली एकही खिडकी मुकी नाही. म्हणून ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, जिन्याखालच्या बाकावर मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहितेय.

बाबांच्या गाडीची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, तुटली, इथून सगळं सुरू झालं. तू म्हणशील, शाळा शिकली म्हणून जिला आपण मास्तरीण म्हणतो, तिला आता गाडीतलं कळायला लागलं की काय! खरंच थोडं कळायला लागलंय, आणि न कळतं तर बरं झालं असतं. बाबांचा नियम तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तेल बघितल्याशिवाय चावी नाही. बॉनेट उघडायचं, पट्टी ओढायची, फडक्याने पुसायची, परत आत घालून काढायची आणि तेल कुठपर्यंत आलंय ते पाहायचं. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर त्यांना 'वैद्य' म्हणतात, रोज नाडी बघतो म्हणून. ती जुनी पट्टी तुला आठवत असेल. तिच्या दोन्ही खुणांवर बाबांनी कानशीने खाचा पाडल्या होत्या. पहाटे हॉस्पिटलच्या नर्सेसना सोडायला निघायचं, तेव्हा अंधारात बॅटरी कोण शोधत बसणार? नख वरून खाली आणायचं, कोरडं संपून ओलसर जिथे लागेल ती जागा दोन खाचांच्या मधे आहे ना, एवढं बघायचं. तुलाही त्यांनी तेच शिकवलं होतं. गोदामामागच्या मोकळ्या मैदानात तू उशीवर बसून क्लच दाबायचीस आणि मी मागच्या सीटवर पाढे घोकायचे. गाडी गचके खायची आणि माझं तेरा सक्कं चुकायचं.

तर त्या पट्टीची वरची प्लास्टिकची कडी तुटली. इतकी वर्षं इंजिनाची धग खाऊन ती बिस्किटासारखी झाली होती. मेकॅनिककडे जायचं सोडून बाबांनी पक्कड घातली आणि ओढली. पट्टी मधेच गंजलेली होती, ती मोडली, आणि खालचा तुकडा आत पडला. मेकॅनिकने खालचं चेंबर उघडून तुकडा काढला आणि म्हणाला, "काका, जन्मभर दुसऱ्यांना सांगत आलात, की घाईने ओढू नका म्हणून!" बाबांनी तो मोडका तुकडा पुसून खिशात ठेवला. तेव्हा मला वाटलं, जुन्या वस्तूवर माया असते माणसाची.

नवी पट्टी मी आणली. इंजिनाचा नंबर लिहून घेतला, दुकानदाराकडून दोनदा ताडून घेतला आणि अगदी बरोबर तीच आणली. कडी पिवळी, नवी कोरी. खुणा म्हणजे दोन बारीक रेषा, केसाएवढ्या. हाताला काहीच लागत नाही. बाबांनी ती घेतली, बोटं फिरवली, पुन्हा फिरवली आणि म्हणाले, "ही कुठली गुळगुळीत आणलीस?" मी म्हटलं, कंपनीचीच आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तेल कमी दाखवतंय, आणि थोडं ओतलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा थोडं. नर्सबाई म्हणायला लागल्या, काका, मागून धूर येतोय, आमचे पांढरे कपडे आहेत हो. मेकॅनिकने पट्टी काढून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "इंजिनाला आंघोळ घालायची होती का? कोणी ओतलं एवढं?" बाबा म्हणाले, "पट्टी खोटी आहे."

मला राहवलं नाही. तुला माझा स्वभाव माहीत आहे. दुकानदाराने खोटा माल दिला असेल तर तो परत करायचा, आणि चूक आपली असेल तर तसं सांगायचं, त्याशिवाय मला घास जात नाही. भर दुपारी, लख्ख उन्हात, मी पट्टी पुसली, बुडवली, काढली आणि त्यांच्यासमोर धरली. म्हटलं, बाबा, सांगा बरं, तेल कुठवर आहे? ते म्हणाले, "दिसतंय की. आहे तिथवर आहे." ताई, ते माझ्याकडे बघून बोलत होते, पण नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. माझ्या कानाच्या थोडी पलीकडे होती. पट्टी मी हळूच खाली घेतली, तरी नजर तिथेच राहिली.

त्यानंतरच्या पहाटे मी हट्टाने पुढच्या सीटवर बसले, ऑफिसला लवकर जायचंय असं सांगून. रस्ता त्यांना तळहातासारखा पाठ आहे. गतिरोधक आला की आधीच पाय सैल, बेकरीचा वास आला की उजवं वळण. पुढे बस असली की तिच्या मागच्या लाल दिव्यांना चिकटून चालतात. पण सिग्नलला काय करतात, माहीत आहे? थांबतात, आणि मागच्या गाडीचा भोंगा वाजायची वाट बघतात. भोंगा वाजला की निघतात. वर नर्सबाईंना हसून सांगतात, "लोकांना घाई फार झालीय!" त्या हसल्या. मी दरवाजाची कडी इतकी घट्ट धरली होती की उतरताना बोटं सुटेनात.

आता माझी गत ऐक. मी जिथे बसते ती खिडकी गाडी चालवण्याचे परवाने नवे करून देण्याची. रोज पिकल्या केसांची माणसं येतात, डोळे तपासायची भिंतीवरची अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, आणि मी त्यांना परत पाठवते. परवा एकाने काचेवर हात टेकून म्हटलं, "पोरी, तुझा बाप असता तर?" मी मान खाली घातली आणि पुढचा नंबर पुकारला. पुढच्या महिन्यात बाबांच्या परवान्याची मुदत संपतेय. खिडकी माझीच. अख्खी गल्ली त्यांना सांगते, पोरगी खिडकीत बसलीय, तुम्हाला कसली काळजी? आपल्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. बाबांनी स्वतःचे बूट शिवून शिवून वापरले, पण माझ्या वह्या कधी अडू दिल्या नाहीत. त्या शिक्षणाचा उपयोग कशाला, तर त्यांचाच हात धरून गाडीतून खाली उतरवायला. आणि नाही उतरवलं, तर मागच्या सीटवरच्या त्या बायकांच्या घरी काय सांगू?

तेव्हा मी काय केलं, ते ऐक. भाऊजी, इथे गाळलंत तर बघा! पट्टी मी लपवली. बाबांना सांगितलं की ती खोटी निघाली म्हणून परत केली, दुकानदार दुसरी मागवतोय. ती माझ्या कपाटात होती, ऑफिसच्या कपड्यांमागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. नियमच असा की तेल बघितल्याशिवाय चावी नाही, आणि बाबा स्वतःचा नियम मोडणारे नव्हेत. गाडी दारात उभी राहिली. नर्सबाईंनी दुसरी गाडी लावली. बाबा रोज दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, काच पुसायचे, आरसा हलवून परत जागेवर आणायचे. तोच आरसा, ज्यात त्यांना काही दिसत नाही. मी ऑफिसातून आले की पहिला प्रश्न, "आली का गं पट्टी?" आणि मी, जिने शाळेत कधी कुणाची वही बघून एक गणित सोडवलं नाही, ती रोज तोंड वर करून सांगायची, अजून नाही आली. दुकानदाराला त्यांनी इतक्या शिव्या घातल्या की तो बिचारा रस्त्यात दिसला तरी मी पदपथ बदलते. घरात शिरले की बाबांचा प्रश्न, ऑफिसात शिरले की ती भिंतीवरची अक्षरं. कुठेही गेलं तरी भिंतच. वर मेकॅनिक एक दिवस हसत हसत म्हणाला, "काका, काळजी करू नका. भंगारातल्या गाडीची पट्टी काढून देतो सोमवारपर्यंत."

रविवारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. बाबा दाराशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "मास्तरीण, तुझ्या कपड्यांना इंजिन ऑइलचा वास येतो. खिडकीत बसून काम करणाऱ्या बाईला तो कुठून येणार?" मला वाटलं, आता आकाश कोसळणार. ते कॉटवर बसले आणि हळू आवाजात बोलायला लागले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते केव्हाच एकटे जाऊन आले होते. नस वाळत चाललीय, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवायला थेंब घाला, असं त्याने सांगितलं होतं. थेंबांची बाटली गाडीच्या कप्प्यात ठेवायचे, माझ्या नजरेला पडू नये म्हणून. मी रडायला लागले, तर म्हणाले, "रडू नकोस, आवाजाने शेजारी येतील." मग म्हणाले, "मेकॅनिकला मीच नको म्हणून सांगतो. पण गाडी दारात आहे तोवर मी कधीतरी चावी फिरवीनच. मला माझा भरवसा नाही. गाडी इथून गेली पाहिजे. आणि विकायची नाही. थोरलीला कळव. तिच्या हाताला गाडी कळते. तिला म्हणावं, घेऊन जा."

त्यांनी कपाटातली पट्टी मागून घेतली, आणि कानसही. मी त्यांचं नख खालच्या रेषेवर टेकवलं, मग वरच्या. त्यांनी सावकाश घासून दोन खाचा पाडल्या, अंगठ्याने चाचपल्या, फुंकर घातली. खिशातला जुना तुकडा काढून दोन्ही शेजारी शेजारी धरले आणि खाचा जुळतात का, ते बोटांनी बघितलं. "थोरलीला पहाटे अंधारात निघायची सवय आहे," म्हणाले. "टेम्पो चालवते ना ती." आणि पट्टी माझ्या हातात देऊन बजावलं, "कुलूप लाव. ती येईपर्यंत मी मागितली तरी देऊ नकोस."

ताई, सासरी जाताना तू मला म्हणाली होतीस, तुला शाळा मिळाली, मला गाडी, दोघींना अर्धं अर्धं. तेव्हा त्यात टोचणी होती, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. आज सांगते, माझं अर्धं इथे पुरत नाही. बाबांना दिसत नाही हे मी ओळखू शकले, पण गाडी इथून हलवणं मला येत नाही, आणि चावी ते तुझ्याशिवाय कुणाच्या हातावर ठेवणार नाहीत. भाऊजी, तुमच्या टेम्पोच्या फेऱ्या खोळंबतील, मला कळतं. पण हिला पाठवा, नाहीतर तुम्हीही या. आता त्या पट्टीला खाचा आहेत, ताई. आता बाबांना ती अंधारातही वाचता येते. आज सकाळी मी ऑफिसला निघाले, तेव्हा ते बॉनेट उघडून उभे होते आणि त्यांनी हात पुढे केला. म्हणाले, "नुसतं तेल बघतो गं, दे." मी नाही म्हटलं. उद्याही म्हणेन. परवाचं मला सांगता येत नाही. कपाटाची किल्ली या क्षणी माझ्या मुठीत आहे आणि हाताला तेलाचा वास येतोय. लवकर ये.

तुझीच,
मास्तरीण