हौसाबाईंचं पेलाभर दूध

गुरुवार, संध्याकाळ

हौसाबाई गेल्या. त्यांची मुलगी शाहूवाडीहून मुद्दाम सांगायला आली होती.

मधुमेहावरच्या माझ्या संशोधनासाठी त्या पंधरा वर्षं उपाशीपोटी रक्त द्यायला यायच्या. येताना माझ्यासाठी बाटलीत घरचं दूध. आहारात काय असतं, विचारलं की म्हणायच्या, "रोज पेलाभर दूध असतंय की." मी लिहून घ्यायचे. शोधनिबंधातही तसंच गेलं.

मुलगी म्हणाली, "कुठलं दूध मॅडम, सगळं डेअरीला जायचं. तुमास्नी बरं वाटावं म्हणून सांगायची. तुमच्या बाटलीपुरतं तेवढं मागं ठेवायची."

पेशंटला नीट विचारा, हे आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवलं. मी काय विचारत होते? त्यांच्या नावावर लिहिलेलं ते पेलाभर दूध मीच पीत होते.