आडवा कप

रविवार, ४ फेब्रुवारी

आज आमच्या तिघांच्या रेकॉर्ड ऐकायच्या बैठकीत भांडण झालं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा!

कारण काय, तर भाचीने आणलेली एक रेकॉर्ड. पोरगी लिफ्ट दुरुस्त करते, आज सुट्टी होती. म्हणाली, "मामा, एकदा माझी पण लावा ना." लावली. दोन्ही बाजू मिळून एकच तुकडा, अडतीस मिनिटं. गाणारा नाही. गिटारवाले तीन, पण एकाने पुढे येऊन हात दाखवला असेल तर शपथ! एकच सूर धरून बसतात आणि सावकाश चढवत नेतात.

आमचा नियम साधा. रेकॉर्ड पूर्ण ऐकायची, मध्ये बोलायचं नाही. संपली की आपापला चहाचा रिकामा कप टेबलावर ठेवायचा. सुलटा म्हणजे हे आपलं प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक, अवघड मात्रांचं; कपाटात जागा. उपडा म्हणजे नाही. तिघांपैकी दोन सुलटे लागतात. मास्तरांनी तर पहिली बाजू संपायच्या आतच कप उपडा घातला. जन्मभर गणित शिकवलं त्यांनी, सात मात्रा की अकरा ते अजून बोटांवर मोजतात. डॉक्टरांनी — दातांच्या — सुलटा ठेवला. माझा हात मध्येच अडकला. कप आडवा पडून राहिला.

"आडवा म्हणजे काय?" मास्तर कडाडले. "म्हातारी मेल्याचं दुःख नाही हो, काळ सोकावतो! आज हे बिनगाण्याचं पोस्ट-रॉक घेतलंत, उद्या पंख्याची घरघर घ्याल. पुढच्या रविवारी काय ते ठरवा. हे कपाटात गेलं, तर मी यायचा नाही."

मास्तर बोलले की करतात. त्यांच्याशिवायचा रविवार मला ठाऊकच नाही.

ही नेहमीसारखी स्वयंपाकघराचं दार लावून आत. आमचं संगीत म्हणजे तिला डोकेदुखी. भांडणाचा तिला पत्ताही नाही.

सोमवार, ५ फेब्रुवारी

एका शाळेत पियानो सुरात लावायला गेलो होतो. बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात. त्यातली एक जरा ढिली पडली की आवाज हेलकावे खातो. तो हेलकावा मारायचा, हाच माझा धंदा. छत्तीस वर्षं झाली.

आज किल्ली फिरवता फिरवता थांबलो. काल त्या रेकॉर्डमध्ये हाच हेलकावा होता! चुकून राहिलेला नव्हे, मुद्दाम ठेवलेला. हेडबाई डोकावल्या, "फार बिघडलाय का हो?" म्हटलं, "नाही, ऐकतोय."

बुधवार, ७ फेब्रुवारी

डॉक्टरांचा फोन. "जुनं मोडून पुढे जायचं म्हणून तर प्रोग्रेसिव्ह. मग यांनी आपलंच मोडलं तर आपण का रडायचं?" पाठोपाठ मास्तरांचा. "एकट्याने वाजवायची छाती नाही, म्हणून सगळे घोळक्याने वाजवतात. नाचता येईना अंगण वाकडं!" मला दोघांचंही पटलं. माझं हे असंच.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

भाचीला सगळं सांगितलं. पोट धरून हसली. "पण मामा, त्यांना तुमच्या कपाटात यायचंय, असं तुम्हाला सांगितलं कुणी?"



रविवार, ११ फेब्रुवारी

कसं लिहू?

दुसऱ्यांदा लावली. पहिली दहा मिनिटं मीही मोजत होतो. चार, चार, पुन्हा चार. मास्तर खरं बोलतात, मोजायला गेलं तर त्यात काहीच नाही. मग मोजणं कधी सुटलं, कळलंच नाही. तीन गिटारी एकमेकींपासून केसभर ढळलेल्या, आणि त्या फटीत काहीतरी हलत होतं, जे तिघांपैकी कुणीच वाजवत नव्हतं! जमिनीतून माझ्या तळव्यांत चढलं. छत्तीस वर्षं मी ज्याला दोष म्हणून मारत आलो, त्याचं या लोकांनी अख्खं घर बांधलं होतं. एवढं मोठं घर मी कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं!

कप सुलटा ठेवला, म्हणजे दोन झाले. मास्तर उठले आणि तडक निघून गेले. मफलर खुर्चीवरच राहिला.

ही दार उघडून बाहेर आली. "मास्तर असे का गेले?" सांगितलं, की ही नवीन तऱ्हा आहे, आपल्यात बसत नाही म्हणतात.

"नवीन?" ती म्हणाली. "अहो, एकतीस वर्षं तुम्ही हेच तर लावताय!"

डॉक्टर हसले. मीही हसलो. ती हसली नाही.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

दोन दिवस ते डोक्यातून जाईना. शेवटी विचारलं. भाजी चिरता चिरता म्हणाली, "दाराआडून शब्द येत नाहीत. तुमची ती मोजामोजी पण येत नाही. नुसतं चढत जातं, आणि उतरतं. मला आवडतं ते."

आवडतं! मग दार का लावतेस, म्हटलं.

"तुम्हीच नाही का सांगितलंत? कुकरची शिट्टी मध्ये आली म्हणून."

मी? मी कशाला सांगेन! मास्तरांनी सांगितलं असणार. रेकॉर्डमधल्या शांत जागांचं वेड त्यांनाच.

मग मी तिच्या स्टुलावर जाऊन बसलो, दार लावून. बाहेर तिने आमची एक जुनी लावली. दोनशे वेळा तरी ऐकली असेन. पण अशी? जन्मभर राहिलेलं घर मागच्या बाजूने पहिल्यांदाच पाहिल्यासारखं वाटलं. एकेकट्याचे सगळे सोलो, सगळ्या अकरा मात्रा लाकडात विरल्या होत्या. उरलं ते एक मोठं, सावकाश येणारं, जाणारं. आणि एकतीस वर्षं हे ती एकटीने ऐकत होती!

गुरुवार, १५ फेब्रुवारी

मास्तर मफलर न्यायला आले. बसेनात. ही म्हणाली, "मास्तर, माझ्यासाठी पाच मिनिटं आत बसा." तिला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. दार लावलं. मी आधी त्यांची सगळ्यात लाडकी लावली, मग भाचीची.

बाहेर आले ते छाती काढून. "पहिली काही आपली नव्हे, भाचीची असेल. दुसरी मात्र आपली! काय चढत जाते!"

मी सुई उचलली. उलटं झालंय, हे सांगितलं हिनेच. मास्तरांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग मफलर गुंडाळला. "रविवारी येतो," म्हणाले.

रविवार, १८ फेब्रुवारी

तिन्ही कप सुलटे! भाचीची रेकॉर्ड अखेर कपाटात गेली. मास्तरांनी स्वतः ठेवली, त्यांच्या लाडकीच्या शेजारी.

आज ही बाहेर बसली होती. "मी पण कप ठेवू का?" म्हणाली. डॉक्टरांनी टेबलावर जागा केली.

सोमवार, १९ फेब्रुवारी

दार लावायला मास्तरांनीच सांगितलं होतं, हे हिला दाखवून द्यावं म्हणून माळ्यावरची जुनी रोजनिशी काढली. पहिल्या रविवारची नोंद सापडली — "ऐन शांत जागेत कुकरची शिट्टी! हिला म्हटलं, दार लावून घे. मास्तर म्हणाले, राहू द्या हो, वहिनींनाही ऐकू दे. मी लावायलाच लावलं. आता कसं निवांत!"

अक्षर माझंच.

बिजागऱ्यांचे स्क्रू पार गंजले होते. दुपारपर्यंत स्वयंपाकघराचं दार निघालं.