एकतीस घरांचा ओव्हन

वरचा पाडा, पोशेरा
कोजागिरीनंतरचा मंगळवार

चिरंजीव रूपेश यास,

पुष्पाताईचा आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत आणि तूही बरा असशील असं धरून चालते. खोकला गेला का? गेला नसणारच, कारण गार पाणी पिऊ नको हे मी मागच्या खेपेलाही सांगितलं होतं. आमच्या सासूबाईंचा गुडघा ठीक आहे. (दुखतो, पण आपण त्याबद्दल कुणाकडे बोलत नाही अशी त्यांची समजूत आहे.) फोन सोडून पत्र का, तर इथे रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते, आणि टाकीपाशी बोललेलं तुझ्याआधी पाड्याला ऐकू जातं.

तू विचारलंस, ठाण्याच्या दुकानात ओव्हन मिळतोय, तर तुमच्या घरासाठी गॅसचा आणू की लाईटचा. सरळ प्रश्न आहे, सरळ उत्तर देते, फक्त जरा मागून सुरू करावं लागेल. जव्हारला जाऊन मी नागलीची बिस्किटं शिकून आले ती काही हौस म्हणून नाही. दिवाळी झाली की वीटभट्टीची गाडी येते, आम्ही तिघं भिवंडीकडे जातो आणि बाळीची शाळा सुटते. पोर चौथीत आहे, पण पहिली, दुसरी आणि तिसरी तिने अर्धी अर्धीच बघितलीय. यंदा मला जायचं नाही. तुझ्या दाजींना म्हटलं, बिस्किटांवर घर चालेल असं दिसलं तर थांबू या. ते म्हणाले, बघू. (त्यांचं 'बघू' तुला माहीत आहे. मला बघायला आले होते तेव्हाही चहा पिऊन 'बघू' म्हणून उठले, आणि तो होकार होता हे आपल्याला चार महिन्यांनी कळलं.)

तर आधी लाईटचा. आमच्या बचत गटाने आठ दिवस वापरायला दिला होता. दिसायला देखणा. बटण दाबल्यावर आत लाल झालं आणि बाहेर सगळ्या पाड्याचे पंखे रडायला लागले. जगनची गिरणी बंद पडली ती अर्ध्या दळणावर, आणि ते दळण नेमकं माझ्या सासूबाईंचं होतं. टाकीपाशी बैठक बसली. कुणी भांडलं नाही, आपली माणसं चांगली आहेत. ठरलं असं की मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते बारा जगनने गिरणी बंद ठेवायची, बाकीच्यांनी पंखे, टीव्ही बंद ठेवायचे, आणि त्या बदल्यात पुष्पाने घरटी एक बिस्कीट द्यायचं. मी आनंदाने हो म्हणून बसले. घरी येऊन मोजलं तर ताटलीत बिस्किटं मावतात चोवीस आणि पाड्यावर घरं एकतीस. दुसरा घाणा लावावा तर पुन्हा एकतीस घरांचे पंखे बंद, म्हणजे पुन्हा एकतीस बिस्किटं. हे गणित मी बाळीला घातलं. तिने बराच वेळ पाटीवर केलं आणि म्हणाली, आई, यात बाजारात न्यायला कधीच काही उरत नाही. (शिक्षण वाया जात नाही ते असं.)

मग गॅसचा. अंगणवाडीच्या सकूताईंकडे शेगडीवर ठेवायचा पत्र्याचा ओव्हन आहे, तो आणला. सिलिंडर मोखाड्याहून जीपने आला, पुढच्या सीटवर बसून. सासूबाई गुडघ्यासकट मागे. आता कुणाची परवानगी नको, कुणाचे उपकार नकोत, असं मला वाटलं, आणि इथेच माझी अक्कल संपली. मंगळवारी दहा वाजता पाड्याने आपला शब्द पाळला. गिरणी बंद, पंखे बंद, माणसं घाम पुसत ओट्यावर बसलेली. बारा वाजले तरी बिस्कीट आलं नाही. दुपारी नळावर सासूबाईंच्या कानावर आलं की पुष्पाला आता आमची लाईट चालत नाही. तीन बायका माझ्याशी बोलेनात. शेवटी गॅसवर भाजलेली बिस्किटंसुद्धा मी घरोघर वाटून आले, लाईट न वापरल्याबद्दल.

त्यात ती खालून जळायची आणि वरून कच्ची राहायची. तुझे दाजी हे सगळं दारात उकिडवे बसून बघत होते. अठरा वर्षं भट्टी लावणारा माणूस. तिकडे मुकादम त्यांना विचारल्याशिवाय आग देत नाही. त्यांनी एक बिस्कीट उचललं, उलटं केलं आणि म्हणाले, खंगर. (खंगर म्हणजे जास्त जळून वाकडी झालेली वीट, जी कुणी फुकट नेत नाही.) मला असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, मग तुम्हीच भाजा. तर हा माणूस खरंच उठला, हात धुतले आणि माझी ओली बिस्किटं उन्हात मांडून ठेवली. ओलं आत घालतात का, म्हणाले. दुपारभर वाळवली. मग ताटलीत आडवी न ठेवता उभी रचली, मध्ये बोटभर वाट सोडून, वर दुसरा थर तिरपा, थेट भट्टी. एका घाण्यात बासष्ट बसली. सगळी सारखी भाजली. चावायला विटाच आहेत, खोटं कशाला बोलू, पण चहात बुडवली की अशी लागतात की सासूबाईंनी गुडघ्याचं नाव काढलं नाही. एकतीस पाड्याची, एकतीस आमची. मोखाड्याच्या बाजारात दुपारच्या आत संपली आणि लोक पुढच्या आठवड्याची सांगून गेले.

तेव्हा गॅस की लाईट हे तूच ठरव. मोठ्यांना नमस्कार, स्वतःला जप.

तुझी,
पुष्पाताई

ता. क. १ : ओव्हनचं मी उगाच लांबवलं. खरं काम वेगळंच आहे. मुकादम तुझ्या खोलीमागच्या गल्लीत राहतो. दाजींनी त्याला यंदाही भट्टीवर यायचा शब्द दिलाय आणि अजून 'बघू'वरच आहेत. परवा फोन करायला टाकीपाशी गेले, मुकादमाच्या म्हशीची चौकशी करून परत आले. तू जा आणि सांग की दाजींची पाठ धरलीय, यंदा येत नाही. दाजींना यातलं काही कळता कामा नये. एवढं कर, रूपेश, मी कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे.

ता. क. २ : मुकादमाला पाठीचं काही सांगू नको. पत्र चिकटवायला भात शोधत होते, तर तुझे दाजी भिंतीकडे बघत म्हणाले, रूपेशला लिही, गॅसचा आण नाहीतर लाईटचा, पण दाराला मोठी काच असलेला आण. पौषात आत नीट दिसायला पाहिजे म्हणे. पौषात, रूपेश, ऐन भट्टीच्या दिवसांत! काचेचाच आण.