इंजिनावरचा आळ

प्रिय शहाण्या,

हो, पडले. डावं मनगट मोडलं, गुडघ्याला तीन टाके पडले. टाके इतके वेडेवाकडे की मी घातले असते तर दिसलेही नसते. आणि हो, सायकलचं इंजिन मीच उघडलं होतं. तू फोनवर विचारलंस तेव्हा मी 'आवाज येत नाहीये' म्हणून ठेवून दिला. आवाज छान येत होता. पण तू ओरडायला लागलास की मधे बोलायला फटच ठेवत नाहीस, अगदी बाबांवर गेलायस. म्हणून लिहिते. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही.

तुझं म्हणणं मला पाठ झालंय. आईने इंजिनाचा दाब नको तेवढा वाढवला, इंजिन अडकलं, चाक जागच्या जागी जाम झालं आणि आई आपटली. म्हणून रविवारी तू गिऱ्हाईक घेऊन येणार, सायकल विकणार आणि मला बोचक्यासारखी उचलून तुझ्याकडे नेणार. ये की. चहा करीन. पण सायकल मिळणार नाही आणि बोचकंही जागचं हलणार नाही.

तो चढ तुला आठवतो ना? वर लॉन्ड्री आहे. तिथून मी उसवलेले, फाटलेले कपडे आणते आणि दुरुस्त करून परत देते. बाबा होते तोवर गाठोडं तेच न्यायचे. मोटर लावलेली सायकल, केवढा तोरा! पण त्या चढाला ते इतका मान द्यायचे की निम्म्यावर पायउतार व्हायचे आणि ढकलत न्यायचे. इंजिन म्हातारं झालंय, म्हणायचे. ते गेल्यावर मीही ढकलली. पेट्रोल मीच पाजायचं आणि वर ढकलायचंही मीच, हा कुठला न्याय? त्यात लॉन्ड्रीवाली म्हणाली, कपडे फार उशिरा येतात, दुसरी बाई बघते. ते काम गेलं असतं म्हणजे तुझ्या घरी येऊन बसणं आलंच. सून चांगली आहे रे, पण मला बसायची सवय नाही.

मग गेले फुंक्याकडे. फुंक्या म्हणजे कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिच्यावर फुंकर मारतो, मग बघतो. त्याने प्लग काढला, त्या भोकावर माझा अंगठा ठेवायला लावला आणि इंजिन फिरवलं. आतून नुसतं फुस्स, जांभई दिल्यासारखं. म्हणाला, काकू, पेट्रोलची वाफ आत गच्च दाबली गेली तरच तडाखा बसतो. तुमची वाफ वाटेतच पळून जातेय, वरचं झाकण वाकडं झालंय, नवं घ्या. मी म्हटलं, वाकडं सरळ करण्यातच माझा संसार गेलाय, नवं कशाला?

घरी येऊन बाबांचा दाढीचा आरसा भिंतीवरून काढला. काच कशी, एकदम सपाट असते. तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवला, झाकणाच्या कडेवर काळ्या पेनाने रेघा मारल्या आणि गोल गोल घासत बसले. रेघ उरली तिथं खड्डा. सगळ्या रेघा गेल्या म्हणजे कड सपाट. झाकणाखालचं जुनं फुगलेलं पॅकिंग फेकलं, फुंक्याने तांब्याचं पातळ दिलं ते घातलं. वर चार नट. इथं मी चुकले. शिवताना आपण एक टोक आधी पक्कं करतो आणि पुढं जातो, तसा मी पहिला नट गच्च पिळला, मग दुसऱ्याला हात घातला. फुंक्याने साबणाचा फेस लावून बघितलं तर पलीकडच्या बाजूने हे एवढे बुडबुडे! पोट धरून हसला मेला. अहो काकू, समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत जायचे. मी म्हटलं, म्हणजे आधी कच्ची शिलाई, मग पक्की. असं मराठीत सांगायचं ना! परत उघडलं, परत बसवलं. आत जागा कमी झाली की दाब वाढतो, म्हणून ती किती उरली तेही त्याने मऊ तार घालून, ती किती चेपली ते बघून तपासलं. दाब हवा तेवढाच होता, समजलं? मग अंगठा ठेवला तर तो उडवूनच दिला. एवढा जोर आमच्या घरात कित्येक वर्षांत कुणी दाखवला नव्हता.

आणि चढले. गाठोड्यासकट, बसून. निम्म्यावर बाबा उतरायचे तिथं मी घंटी वाजवली.

त्या फुंक्याला तू फोन करून काय काय बोललास रे? म्हाताऱ्या बाईला नादी लावलंस, जीव घेतला असतास! म्हातारी कोण, ते आल्यावर बघते. पण तेव्हापासून तो माझ्या सायकलला हात लावत नाही. हँडल वाकलंय ते तसंच आहे. मी समोरून गेले तर मान खाली. कशावर फुंकरसुद्धा मारत नाही. त्याची दोन गिऱ्हाइकंही फोनमधून तुझं ओरडणं ऐकून दुसरीकडे गेली.

म्हणून हे पत्र. त्याला आजच्या आज फोन कर आणि माफी माग. डॉक्टरला, लॉन्ड्रीवालीला, सगळ्यांना मी रस्त्यावर वाळू होती म्हणून सांगितलं. वाळूबिळू काही नव्हती. इंजिनही अडकलं नाही. मी कुंपणात पडले होते आणि सायकल शेजारी आडवी होऊन, मागचं चाक हवेत फिरवत, खुशाल चालूच होती. चढ संपल्यावर वर सरळ, मोकळा रस्ता लागतो. शाळेत असताना मुलगे त्यांच्या सायकलींवर जे करायचे आणि आम्ही मुलींनी नुसतं बोलून दाखवलं तरी मार बसायचा, ते मला एकदा करून बघायचं होतं. मी दोन्ही हात सोडले होते. मुद्दाम.

तुझीच,
सध्या एका हाताची आई